माहेर विचारणाऱ्या सिस्टरबाई

ज्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणून सुटता येईल, असा प्रश्न सिस्टरबाई पेशंटला कधी विचारत नसत. "तुमीच मुंजाजी का?" असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. "नाव सांगा," एवढंच. कारण आमच्या सोनपेठ भागातला माणूस डॉक्टरसमोर बसला की कशालाही 'व्हय' म्हणतो. गोळ्या जेवून घेतल्या का? व्हय. उपाशीपोटी घेतल्या का? व्हय. यात खोटेपणा नसतो, साहेबाचं मन मोडायचं नाही एवढीच त्यामागची भावना. मी वीसेक वर्षं या 'व्हय'वर दवाखाना चालवला आणि आपण फार हुशार आहोत अशा समजुतीत राहिलो.

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन माझ्याकडे आल्या. खरं सांगायचं तर दवाखाना सुधारावा म्हणून मी त्यांना ठेवलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी गर्दी आवरायला आणि इंजेक्शनं द्यायला एक माणूस हवं होतं. माझा कंपाउंडर शेषराव एकटा पुरा पडत नव्हता. पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी अशा त्या पहिल्या दिवशी आल्या आणि खुर्चीवर न बसता कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे गेल्या. त्यावर शेषरावचा टॉवेल वाळत घातला होता. त्यांनी टॉवेल काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "ह्याची किल्ली कुठं हाय?"

किल्ली कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. शेषरावलाही नव्हतं. शोधता शोधता कळलं, की शेजारच्या ऑटोवाल्यानं नट खोलायला म्हणून ती दिवाळीच्या आधी नेली होती. तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. सिस्टरबाई स्वतः जाऊन किल्ली घेऊन आल्या, सिलिंडर उघडून पाहिला, तर तो रिकामा. "टॉवेल वाळवायला चांगला हाय," म्हणाल्या. मी चिडलो. पेशंटसमोर असं बोलायचं असतं का? पण त्याच दिवशी सिलिंडर भरायला परभणीला पाठवला, हेही खरं.

हात धुण्यावरून तर आमची रोज जुंपायची. दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टरनं हात धुवावेत हे मला शिकवायला त्यांची काय गरज, असा माझा ताठा. एके दिवशी सकाळी त्यांनी मला न सांगता माझ्या केबिनच्या दाराच्या कडीला हळद लावून ठेवली. दुपारी त्यांनी मला आणि शेषरावला बोलावलं आणि एकेक जागा दाखवली. स्टेथोस्कोप पिवळा. रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा पिवळा. एका तान्ह्या बाळाला घेऊन त्याची आई नुकतीच घरी गेली होती, त्या बाळाच्या गालावर पिवळी बोटं होती असं त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी पिशवीतून छोटा आरसा काढून माझ्यापुढे धरला. माझी मिशी पिवळी! शेषराव तोंड दाबून बाहेर पळाला. त्या दिवसापासून मी हात धुतो.

एकदा मात्र त्यांनी मर्यादाच ओलांडली, असं मला तेव्हा वाटलं. औषधाच्या बाटलीच्या बुचात एक सुई कायमची खुपसून ठेवायची आमची जुनी पद्धत होती. काम पटापट होतं, पण त्या उघड्या सुईतून घाण आत औषधात उतरते. त्यांनी तशा चार बाटल्या एका ट्रेमध्ये आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. "डॉक्टरसाहेब, राग येऊ द्या, पन सांगते. तुमच्या दवाखान्यात एखांदं माणूस मरंल, अन् ते कामून मेलं हे तुमाला कळायचं बी न्हाई."

मी त्यांना सांगितलं, इतक्या वर्षांत माझ्या हातून कोणी दगावलं नाही. त्या म्हणाल्या, "नशीब चांगलं हाय तुमचं. पन पेशंटला तुमच्या नशिबावर कामून ठिवायचं?" मी ट्रे बाजूला सारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या रात्री झोप मात्र नीट लागली नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं असेल अशी शंका मनात शिरली होती.

खरं भांडण झालं ते नावावरून. केसपेपरवर पूर्ण नाव पाहिजे, असा सिस्टरबाईंचा हट्ट. पुरुषांचं सोपं होतं. बायकांचं अवघड. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. आणि एकेका गावात एकाच भावकीची पन्नास घरं, म्हणजे आडनावाचाही उपयोग नाही. राहता राहिलं पाळण्यातलं नाव. तर गयाबाई, सखूबाई, चंद्रभागाबाई यांना तोटा नाही. "नवऱ्याचं नाव?" विचारलं की बाई पदर तोंडाला लावून खाली बघायची, नाहीतर शेजारणीला कोपरानं ढोसायची. शेजारणीनं सांगावं, ते एखाद्या वेळी दिराचंच निघावं.

सिस्टरबाईंनी आधी एक तोड काढली. नवऱ्याचं नको, थोरल्या लेकराचं नाव सांगा. चार-सहा दिवस छान चाललं. मग एक पंचावन्नच्या आसपासची बाई आली. तिला हा प्रश्न विचारला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "लेकरू न्हाई बाई मला." सिस्टरबाईंनी तिचा हात धरला, माफी मागितली, तिचं काम स्वतः केलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "माझं चुकलं. त्या माउलीला आपन इथं बोलावून दुखिवलं." दुसऱ्या दिवशीपासून केसपेपरवर नवा रकाना आला: माहेर. "माहेर समद्यांना असतंय," त्या म्हणाल्या.

आणि या रकान्यानं दवाखान्याची हवाच बदलली. माहेर विचारलं की बायांचे चेहरे फुलायचे. सत्तरीची म्हातारी गुडघे विसरून तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी किती गोड होतं ते सांगायची. रांगेतल्या दोघींची माहेरं शेजारची निघाली की त्या मावस-चुलत नातं जोडून मोकळ्या व्हायच्या. सगळं गोड होतं, पण रांग पुढे सरकेना. समोरच्या गल्लीत दुसरा दवाखाना होता, तिथं कोणी काही विचारत नसे, सुई मिळाली की माणूस मोकळा. माझे पेशंट तिकडे वळताना मला खिडकीतून दिसायचे. शेवटी मी फर्मान काढलं, की बाजाराच्या दिवशी माहेर वगैरे काही विचारायचं नाही.

"मंग बाजाराच्या दिवशी मला सुट्टी द्या," सिस्टरबाई म्हणाल्या. सुट्टी मी दिली नाही. त्यांनी विचारणं सोडलं नाही.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टरबाई आत एका पोराच्या जखमेची पट्टी बदलत होत्या. माझ्या हातात गयाबाई नावाच्या पेशंटचा केसपेपर होता. छातीत कफ, ताप, तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं होतं. शेषरावनं ते भरून ठेवलं होतं. सिस्टरबाईंची वाट बघण्यात अर्धा तास जाईल म्हणून मी स्वतःच सिरिंज उचलली आणि दारातून हाक मारली, "गयाबाई!" एक बाई पुढे आली. गाव तेच, आडनाव तेच. मी विचारलं, "खोकला आहे ना?" ती म्हणाली, "व्हय." मी विचारलं, "ताप पण येतो ना?" ती म्हणाली, "व्हय."

मी तिच्या दंडाला स्पिरिट लावलं आणि तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. सिस्टरबाई होत्या. पट्टी अर्धवट टाकून आल्या होत्या. "माहेर इचारा," त्या म्हणाल्या.

सगळा व्हरांडा बघत होता. संतापानं माझे कान गरम झाले. मी जवळजवळ ओरडलोच, "सिस्टरबाई, हात सोडा." त्यांनी हात सोडला नाही. आवाजही चढवला नाही. "आधी माहेर इचारा डॉक्टरसाहेब. मंग मला कामावरून काढा."

मी दात खाऊन विचारलं, "माहेर कोणतं?" बाई म्हणाली, "राणीसावरगाव." माझ्या हातातल्या कागदावर गंगाखेड लिहिलं होतं.

खोकल्याची गयाबाई मागे भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. ही दुसरी, गुडघेदुखीची. शेषराव धावत जाऊन तिचा केसपेपर घेऊन आला. त्यावर सिस्टरबाईंच्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलेलं होतं, की हे इंजेक्शन हिला चालत नाही. पूर्वी एकदा दुसरीकडे घेतलं तेव्हा अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता, मरता मरता वाचली होती. मी तिला विचारलं, "अहो, खोकला नाही, ताप नाही, मग हो कशाला म्हणालात?" ती कसनुसं हसली. "तुमी इतकं इचारायलाव, न्हाई कसं म्हनावं, साहेब?"

मी केबिनमध्ये जाऊन बसलो. सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. सिस्टरबाईंनी पाण्याचा पेला आणून दिला आणि पट्टी पूर्ण करायला निघून गेल्या. "बघा, मी सांगत नव्हते?" असं त्या म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या ते कधीच म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली. काय झालं, का झालं, आता काय करायचं, असे तीन रकाने. खाली चूक करणाऱ्याची सही आणि माझी सही. पहिली चूक माझीच होती, त्यामुळे दोन्ही सह्या मलाच कराव्या लागल्या. "ही वही उद्या कोणाच्या हाती लागली तर?" मी विचारलं. "लागू द्या की. लपिवलेली चूक पुन्ना होती. लिवलेली चूक लाजून बसती." पुढं त्या वहीत शेषरावच्या चुका आल्या, माझ्या तर भरपूर आल्या. शिक्षा कोणाला नव्हती. शिक्षा नाही म्हटल्यावर शेषराव आपण होऊन चुका सांगायला लागला. तोवर तो किती लपवत होता, हे तेव्हा मला कळलं. त्याच्यावर ओरडणारा मीच होतो.

आज माझ्या दवाखान्यात सिलिंडर भरलेला असतो, बुचात सुई नसते, आणि श्वास अडकलेल्या माणसाला लागणारी औषधं एका लाल डब्यात हाताशी असतात. तो डबा दोनदा वापरावा लागला, दोन्ही वेळा माणूस चालत घरी गेला. समोरच्या गल्लीत वळलेले पेशंट हळूहळू परत आले. ते लोक मला दुवा देतात, मी तो मुकाट्यानं घेतो, पण तो कोणाचा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजनं मला डॉक्टर केलं. माझ्या दवाखान्यात माणसानं निर्धास्त यावं, एवढी लायकी मला सिस्टरबाईंनी दिली. मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे.

त्यांनी दवाखाना सोडला कसा, तेही सांगायला हवं. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यानं डोळे अधू होत चालले होते. आम्हाला दिसत होतं, आम्ही बोलत नव्हतो. एका शनिवारी शेषराव लाल डबा तपासत होता. श्वासाच्या औषधाच्या जागी उलटीच्या औषधाच्या दोन काचेच्या कुप्या निघाल्या. कंपनी बदलली होती, कुप्यांचा रंग आणि उंची सारखीच, आणि सिस्टरबाईंनी अक्षरं न वाचता, म्हणजे वाचता न आल्यामुळे, नुसत्या अंदाजानं त्या ठेवल्या होत्या. शेषरावनं गुपचूप बदलून टाकल्या आणि फक्त मला सांगितलं. आम्ही दोघांनी ठरवलं, की हे त्यांना कळू द्यायचं नाही. ठरवताना आम्हाला आपण फार भले आहोत असं वाटलं.

सोमवारी त्यांनी नेहमीच्या सवयीनं शेषरावला विचारलं, "शनवारी डब्यात काय काय बदललंस?" शेषराव त्यांच्याशी खोटं बोलू शकला नाही.

दुपारी त्या वही घेऊन केबिनमध्ये आल्या. अक्षर मोठं, ओळी वरखाली गेलेल्या. काय झालं ते लिहिलं होतं. का झालं, तिथं 'सिस्टरला दिसत नाही' एवढंच. आता काय करायचं या रकान्यात लिहिलं होतं, 'सिस्टरने आजपासून काम थांबवावे.' खाली त्यांची सही. माझ्या सहीची जागा रिकामी होती.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "कोणाला काही झालं नाही. शेषरावनं पकडलं."

"तुमच्या वक्ताला मी पकडलं. तरी तुमचं लिवलंच की."

"मग नुसतं बसा. देखरेख करा. नव्या सिस्टरला शिकवा."

"जिला दिसत न्हाई तिनं कसली देखरेख करायची, डॉक्टरसाहेब?" त्या हसल्या. "अन् शिकवायचं ते शिकवून झालंय. तुमच्यापरीस अवघड शिष्य आता कुठला मिळायचाय?"

मी त्यांचा मुलगा असतो तर ती वही फाडून टाकली असती. पण मी डॉक्टर होतो, आणि समोर बसलेली बाई बरोबर होती. सही केली नाही, तर त्यांनी मला शिकवलेलं सगळं वाया गेलं असतं. सही केली, तर त्या जाणार होत्या. मी पेनाचं टोपण काढलं. बाहेर शेषराव दाराआड उभा होता, त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी सही केली.

सिस्टरबाईंनी वही अगदी डोळ्यांपाशी नेली, सहीवरून बोट फिरवलं आणि वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

"तारीख राह्यली, डॉक्टरसाहेब."

मी तारीख घातली.