समुद्र बघायला

फरिदाबाईंना कॉपीची किळस होती. नुसता राग नाही, किळस. भाजीत केस निघावा आणि तरी ताट संपवायला लागावं, तशी. मुंबईजवळची नव्हे, आत दुष्काळी मुलखातली जी वाशी, तिच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात त्या इंग्रजी शिकवायच्या. दहावीची परीक्षा आली की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. पेपर सुरू व्हायचा अवकाश, शाळेच्या मागच्या भिंतीवर ही माणसं चढायची. बाप, चुलते, मामे. आपलं पोरगं कितवीत आहे हे वर्षभर ज्यांना धड सांगता आलं नाही, ते त्या दिवशी खिडकीला लोंबकळून चिठ्ठ्या फेकायचे. आणि वर मिशीला पीळ.

बाईंची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. कुठं गेलो आणि काय करायला गेलो, हे इंग्रजीत कसं सांगायचं, तो भाग आला की त्या फळा सोडून पोरांना वाशीच्या बाजारात पिटाळायच्या. माणसांना विचारा, कशाला आलात, आणि उत्तर इंग्रजीत घेऊन या. कुणी शेळी विकायला आलेलं असायचं, कुणी दाढ उपटून घ्यायला, एक म्हातारा तर नुसता सुनेची कटकट चुकवायला. वाक्य मोडकंतोडकं चालायचं, खोटं चालायचं नाही. "उसनं आणलं की मला मळमळतं बघा," बाई म्हणायच्या, आणि पोरं हसायची.

यात बजरंगची पोरगी हर्षाली सगळ्यांच्या वरताण. तिचं बघणंच वेगळं. बाईंचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष, आणि जाण्याआधी एक तरी पोर स्वतःच्या डोक्यानं इंग्रजीचा पेपर लिहून आलेलं बघायचं, एवढी एकच हाव त्यांना उरली होती. ती सगळी ह्या पोरीवर.

पेपरच्या सकाळी हेडसर कृष्णराज जवळ आले. "मॅडम, मागल्या खोलीत बसा. पेपर आला की सोडवून द्या. निकाल शंभर टक्के लागला पायजे."

"त्या उकिरड्यात हात घालायला मला सांगू नका, सर."

"तुमच्यावाचून काय अडलंय," हेडसर म्हणाले, आणि खेळाच्या शिवलिंगप्पा सरांना हाक मारली. शिवलिंगप्पांचं इंग्रजी शिट्टीपुरतं. त्यांनी गाईड उघडलं, दिसेल ते उतरवलं, झेरॉक्स निघाल्या आणि खिडकीतून आत गेल्या. बाई व्हरांड्यात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. वास यावा तसा पदर त्यांनी नाकाला लावला होता.

पेपर सुटल्यावर त्यांनी हर्षालीला गाठलं. "बेटा, कुठं आणि कशाला गेलतीस, त्याचं काय लिहिलंस?"

"मुंबईला गेल्ते, समुद्र बघायला."

"तू समुद्र बघितलास?"

"न्हाय बाई. वर्गात कुणीच न्हाय बघितला. पण समद्यांनी त्येच लिवलंय."

"आणि तुझं स्वतःचं?"

"आधी माझंच लिवलं व्हतं. मंग चिठ्ठी आली. समद्यांचं एकसारखं, माझं एकटीचंच वेगळं. म्हणलं, माझंच चुकलं आसंल. खोडलं." पोरगी मोकळेपणानं हसली. "मार्क पडतील की बाई, नका काळजी करू."

"काय होतं ते खोडलेलं?"

हर्षालीनं आठवून बघितलं. आभाळाकडं बघितलं, बोटं मोडली. "आता आठवंना बाई."

भिंतीवरून बजरंगनं पोरीला हाक मारली आणि ती पळाली. हेडसरांची किळस बाईंना सवयीची होती, भिंतीवरच्या बापांचीही होती. आज पहिल्यांदाच ती पोरीची आली, आपल्या हर्षालीची, आणि तिथंच व्हरांड्याच्या कडेला बसून बाईंना खरोखरच उलटी झाली.