हॉटेलपुढचं खिंडार

हॉटेलात काम करणाऱ्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. पाहुणे निघून जातात, किस्से मागे राहतात. साचता साचता माणूस म्हातारा होतो.

आमचं हॉटेल जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, अगदी वाळूला लागून. खोल्या बाराच. मालकांनी तरुणपणी बोटीवर काम करताना दक्षिण अमेरिकेत समुद्रकाठचं एक झकास हॉटेल पाहिलं होतं. तसंच पांढरंशुभ्र त्यांनी इथे बांधलं. टोकियोची पैसेवाली मंडळी यायची. मी तिथे अकरा वर्षं स्वयंपाकी होतो. शिक्षण सातवी. जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो.

*

२०११च्या भूकंपाच्या वेळी मी योकोहामात एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये होतो. त्सुनामीची लाट येऊन गेल्यावर आमच्या शेठने व्हॅनमध्ये डाळ-तांदूळ भरून मला इकडे धाडलं. शाळेच्या हॉलमध्ये बेघर झालेले लोक राहत होते. मी वाढायला उभा राहिलो. रांगेत एक बाई दोन वाट्या घेऊन आली.

"एका माणसाला एकच," मी म्हटलं. जपानी बेताचं येत होतं, पण एवढं चोख येत होतं.

तिने मान लववली आणि दुसरी वाटी कोटाच्या खिशात ठेवली. मागचा माणूस हळूच म्हणाला, "तिचा नवरा सापडलेला नाही. ती रोज दोन घेते."

मी तिला परत हाक मारायला हवी होती. नाही मारली. रांग मोठी होती.

*

ती बाई म्हणजे हॉटेलची मालकीण, मिचिको-सान. लाट यायच्या आधी नवऱ्याने सगळे पाहुणे टेकडीवर पोहोचवले आणि "खोल्या एकदा बघून येतो," म्हणून तो खाली उतरला. परत आला नाही. तळमजला वाहून गेला, वरचे दोन मजले उरले.

दीड वर्षाने हॉटेल दुरुस्त झालं. जुना स्वयंपाकी गाव सोडून गेला होता. मिचिको-साननी योकोहामाहून मला बोलावून घेतलं. दोन वाट्यांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही नाही.

परीक्षा म्हणून मी बांगडा तळला. मी देवगडचा, मासा मला कळतो. पहिल्या घासालाच बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तिखट झालं का?"

"नाही," म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

काउंटरवरचा केंजी-सान, पन्नाशीचा, थट्टेखोर, दारात उभा होता. मला सावंत म्हणणं त्याला जमत नसे. म्हणाला, "साबान्तो-सान, दीड वर्षात या बाईंना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. तुमचं एका माशात काम झालं. नोकरी पक्की."

*

रोज सकाळी एक ताट जास्त लागायचं. भात, सूप, मासा, लोणचं. ते मालकांच्या जागेवर मांडायचं आणि गार झालं की उचलायचं. मी मनाशी म्हटलं, हे पितरांचं पान. आमच्याकडे ते कावळ्याला घालतात. इथे ते नुसतंच परत येतं, हे काही मला पटेना.

एका सकाळी ताट उचललं आणि बाहेर वाळूवर नेऊन ठेवलं. जपानचे कावळे धिप्पाड. दोन मिनिटांत सगळं फस्त.

मी आत जाऊन अभिमानाने सांगितलं, "कावळा शिवला. मालक तृप्त आहेत."

केंजी-सानने हातातला कप खाली ठेवला. मिचिको-सान रागावल्या नाहीत. एखाद्या पाहुण्याला खोलीचा रस्ता सांगावा तशा म्हणाल्या, "हे ताट गेलेल्यासाठी नसतं, साबान्तो-सान. प्रवासात असलेल्यासाठी असतं. घरी वाढलेलं असलं की बाहेर तो उपाशी राहत नाही."

मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आज राहील."

मी लगेच दुसरं ताट केलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

*

पुढे सरकारने सगळ्या किनाऱ्याला काँक्रीटची भिंत घालायला घेतली. तीन मजले उंच. दोन्ही बाजूंनी येत येत ती आमच्या हॉटेलपुढे थांबली. मधली चाळीस पावलं जमीन मालकांच्या नावावर. मालक कागदोपत्री बेपत्ता. त्यांचा मृत्यू नोंदवल्याशिवाय ती जमीन कोणाला देता येईना, आणि नोंदवायचा तो बायकोने.

नगरपालिकेचा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी फॉर्म घेऊन यायचा. चहा प्यायचा, हवेबद्दल बोलायचा, वाकून नमस्कार करायचा आणि फॉर्म कोराच परत न्यायचा. केंजी-सान म्हणायचा, "त्या फॉर्मने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय."

भिंतीला खिंडार राहिलं ते राहिलंच.

*

एकदा टोकियोतल्या हिगाशी-कसाईहून आपलंच एक मराठी कुटुंब आलं. नवरा-बायको दोघं आयटीतले, मुलगी सहा वर्षांची. बाईने खिडकी उघडली आणि मलाच धरलं.

"काका, वेबसाइटवर सी व्ह्यू लिहिलंय. ही तर भिंत आहे."

"मधून दिसतो."

"एवढाच?"

"एवढाच उरलाय."

मुलगी आईशीसुद्धा जपानीतच बोलायची. तिने मिचिको-सानना विचारलं, "सगळीकडे भिंत आहे, मग इथेच का नाही?"

"सई, गप्प बस," आई म्हणाली.

"एक जण यायचाय," मिचिको-सान म्हणाल्या.

सईने भिंतीकडे नीट पाहिलं. "तिकडे जिना आहे की. जिन्याने येईल."

मिचिको-सान हसल्या. मग बराच वेळ त्या दिसल्या नाहीत.

*

हॉटेलच्या मागे ओता आजींचं घर. घरात आजी आणि तान्हं नातवंड घेऊन सून. एका पहाटे जमीन हलली, भोंगा वाजला. सगळे टेकडीवर पळालो. लाट लहानच होती. खिंडारातून आत आली आणि ओता आजींच्या अंगणात घोटाभर पाणी ठेवून गेली.

दुपारी मिचिको-सान माफी मागायला निघाल्या. मी सोबत होतो. आजी अंगण धूत होत्या.

"छे हो, धुवायचंच होतं," आजी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

सून बाळाला पाठीशी बांधून ओल्या चटया वाळत घालत होती. तीही वाकून हसली. गावात कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

परत येताना मिचिको-सान म्हणाल्या, "साबान्तो-सान, उद्या स्वच्छ शर्ट घाला. नगरपालिकेत जायचंय."

*

नगरपालिकेत त्यांनी फॉर्म स्वतः भरला. अक्षर सुरेख. मृत्यूच्या तारखेपाशी पेन थांबलं, मग तोही रकाना भरला. सही केली. कारकुनाने उभं राहून दोन्ही हातांनी कागद घेतला.

बाहेर पडल्यावर त्या बसकडे वळल्या नाहीत. समोरच्या बुटांच्या दुकानात शिरल्या. मी मागोमाग. पुरुषांचे हिवाळी बूट काढायला लावले, आतून लोकर असलेले. दुकानदार म्हातारा, मालकांचा शाळेतला मित्र. त्याला सगळं माहीत होतं. खिडकीतून आम्हाला नगरपालिकेतून बाहेर पडताना त्याने पाहिलंही होतं.

"साडेसव्वीस सेंटीमीटर," मिचिको-सान म्हणाल्या. "पण थोडे सैल बघा. तो जाड मोजे घालतो."

त्याने दोन-तीन जोड बघून एक पुढे ठेवला. "भेट म्हणून बांधून देऊ?"

"नको. वापरायचे आहेत."

"माप चुकलं तर बदलून देतो," तो सवयीने बोलून गेला आणि पावती पुढे केली.

पावतीच्या तळाशी छापलेलं होतं, चौदा दिवसांच्या आत. मिचिको-साननी ते सावकाश वाचलं.

"चौदा दिवसांत जमणार नाही," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने पावती परत मागून घेतली. चष्मा लावला. छापलेली ओळ पेनाने खोडली, वर लिहिलं, "केव्हाही," आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारला.