पोटठेकेदार : निरंक

मेहरूणच्या बाजूला एका गटारीचं काम चालू होतं तेव्हा रस्त्यावरच्या फलकावर एका महिला संस्थेचं नाव होतं. संस्थेच्या अध्यक्षा म्हणजे आमच्या नानांची बायको. नाना मोठे ठेकेदार. टेंडर त्यांनी वहिनींच्या संस्थेच्या नावावर भरायचं आणि काम पेटीवर मला द्यायचं, अशी आमची जुनी पद्धत. पेटीवर म्हणजे कागद त्यांचा आणि बाकी सगळं माझं. माणसं मी आणायची, खडी-वाळू मी भांडून उतरवून घ्यायची, खोदाईपासून गटारीवर झाकणाचे ढापे बसवेपर्यंत उन्हात मी उभं राहायचं. फलकावर नाव मात्र त्यांचं.

सोनगीरला हायवेच्या कामावर मी पाट्या उचलायला लागले तेव्हा माझ्याकडे फक्त तोंड होतं. त्या तोंडाच्या जोरावर मुकादम झाले आणि पुढे पेटीवर कामं घेऊ लागले. खडीवाला म्हणतो, अक्काचा फोन आला की मी आधी पाणी पितो, मग उचलतो. पण सरकारदरबारी मी कोणीच नव्हते. मला माझ्या नावाची ठेकेदार म्हणून नोंदणी हवी होती. त्यासाठी केलेल्या कामांचा दाखला लागतो, आणि माझी सगळी कामं दुसऱ्यांच्या नावावर. धुळ्याच्या नोंदणी कार्यालयातून मी दोनदा हात हलवत परत आले होते.

अशात नाशिकहून एक बाई यायच्या होत्या. आमच्या शहराची कंत्राटं कोणाकोणाला मिळतात याचा त्या अभ्यास करत होत्या. बायकांना किती, दलितांना किती, आदिवासींना, मुसलमानांना किती, आणि मूळ ठेकेदाराने पुढे पोटठेकेदार नेमला असेल तर तो कोण. टेंडरच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या होत्या. आता साइटवर येऊन माणसं बघायची होती.

आदल्या दिवशी नानांनी मला ऑफिसात बोलावलं.

"अक्का, उद्या वहिनी साइटवर बसतील. त्या बाईंनी विचारलं तर तू मुकादम."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"किती पाहिजे ते बोल."

"पैसे नकोत. दाखला द्या. पोटठेकेदार म्हणून हे काम मी पूर्ण केलं असा. माझ्या नावाचा, सही-शिक्क्यासकट."

नाना हसले. "माझ्याच विहिरीचं पाणी मलाच विकतेस काय?"

"विहीर मी खोदलीय, नाना."

त्यांनी बराच वेळ पेन फिरवला. मग म्हणाले, "देतो," आणि चहा मागवला. आमच्या धंद्यात सौद्यानंतरचा चहा प्याला की शब्द फिरत नाही. कोणी फिरवला तर त्याला पुन्हा कोणी काम देत नाही, आणि द्यायलाही नको. मी आजवर एकदाही फिरवलेला नाही. तो चहा मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी वहिनी लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. चांगली साडी नेसून आल्या होत्या आणि खुर्चीचे पाय ओल्या मातीत रुतत होते. दर थोड्या वेळाने त्या उठायच्या, खुर्ची सरकवायच्या, पुन्हा बसायच्या. नाना लांब गाडीत होते. नाशिकच्या बाई आल्या, साध्या, घामाघूम. त्यांनी वहिनींना विचारलं, "काम रोज तुम्ही स्वतः बघता?"

वहिनींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"खरं सांगू का ताई? मला यातलं काही कळत नाही. सगळं या अक्का करतात. यांनाच विचारा."

हे मला अपेक्षित नव्हतं. नानांनाही नसणार.

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही पोटठेकेदार का? असाल तर मी तशी नोंद करते. आमच्या माहितीत तो रकाना सगळीकडे रिकामाच येतो. कोणी सांगतच नाही."

खड्ड्यातून माझ्याकडची एक बाई ओरडली, "बठ्ठं हीच करस माय! शिव्या बी हीच देस!" बाया खी-खी हसल्या.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी भांडले ते त्या बाईंच्या पेनाच्या टोकाशी होतं. पण चहा पिऊन झाला होता.

"मी मुकादम," मी म्हटलं. "काम मॅडमचं."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. बाईंनी हळूच पुन्हा विचारलं, "नक्की?"

"एकदा सांगितलं ना! मराठीतच बोलले ना मी? तिकडे काँक्रीटचा माल सेट होतोय!"

बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. संस्थेला सही करायची होती म्हणून कागद वहिनींपुढे आला, तेव्हा मीही पाहिला. पोटठेकेदार : निरंक. वहिनींनी सही केली आणि पदराने हात पुसले.

काम संपल्यावर नानांनी दाखला दिला. शब्दाला माणूस पक्का. ठरला होता तसाच, शब्दन् शब्द. मी तो घेऊन धुळ्याला गेले.

तिथल्या कारकुनाने मला बसायला खुर्ची दिली. दाखला वाचला, कॉम्प्युटरवर त्या कामाची माहिती काढली.

"अक्का, यावर पोटठेकेदार म्हणून तुमचं नाव आहे. पण या कामावर पोटठेकेदार नेमायची परवानगी घेतलेलीच नाही. वर संस्थेनेच कळवलंय, निरंक. नाशिकच्या एक बाई अभ्यास करत होत्या ना, त्यांनी संस्थेच्या सहीचा तो कागद इकडेही पाठवलाय."

"मग?"

"मग यातलं एक खोटं आहे. दाखला खरा म्हणायचा तर संस्थेवर कारवाई करावी लागेल. करू का तसं पत्र?"

संस्थेवर कारवाई म्हणजे नानांचं काम बंद, आणि नानांचं बंद म्हणजे माझं आणि माझ्या बायांचं. एरवी अशा वेळी मी टेबलावर हात आपटते, वरच्या साहेबापर्यंत आवाज जातो. त्या दिवशी रागच आला नाही. मी दाखल्याची घडी घातली. कारकून म्हणाला, पाणी घ्या. मी घेतलं.

परतीच्या बसमध्ये फोनवर अहवाल आला. बाईंनी आठवणीने सगळ्यांना पाठवला होता. महिला संस्थांना मिळणारी कामं वाढल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि ही चांगली गोष्ट आहे असंही. एका पानावर बाईंनी त्या दिवशी साइटवर काढलेला आमचा फोटो होता. वहिनी खुर्चीत, मागे घमेलं धरून मी. खाली ओळ होती : महिला ठेकेदार आणि त्यांच्याकडील मजूर. पारोळा येईपर्यंत तो फोटो मी उघडा ठेवला होता. मग स्क्रीन आपोआप बंद झाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी बोलावलं. नवीन गटार, संस्था तीच. दाखल्याचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"बोल अक्का, काय भाव?"

मी भाव सांगितला. त्यांनी खाली पाडला. मी वरच धरला, हलले नाही. शेवटी त्यांनी मान डोलावली.

"चहा मागवू?"

"मागवा," मी म्हटलं.