ब्रेककाकांचा उजवा पाय

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी चालवता येते ती ब्रेककाकांमुळे, आणि उरलेल्या निम्म्यांनी तो नाद सोडला तोही ब्रेककाकांमुळेच. काका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो वर्षानुवर्षं दाबून काकांच्या उजव्या पायाला स्वतःची बुद्धी फुटली आहे. गाडी असो वा नसो, समोर काही हललं की तो जमिनीवर आपटतो. काकूंनी दुधाचं पातेलं उचललं, धप्प. लिफ्टचं दार मिटायला लागलं, धप्प. मालिकेतली नायिका जिन्याच्या पहिल्या पायरीशी आली, तरी धप्प! काकांना याचा पत्ता नाही. "मी भलता शांत माणूस आहे," असं ते सांगतात, आणि चेहऱ्याकडे पाहिलं तर पटतंही. चेहऱ्याकडेच पाहावं.

त्यांची लेक चिऊ चौथीत आहे. चिऊ नखं खाते. जाता येता सहज कुरतडते असं नाही, बाप ज्या निष्ठेने ब्रेक दाबतो त्याच निष्ठेने खाते. बोटांची टोकं कायम लालबुंद.

उपाय पुष्कळ झाले. आत्याने बोटांना कडूजहर औषध चोपडलं. चिऊने ते चाटूनपुसून संपवलं. मग हातमोजे आले, त्यांना बोटागणिक खिडक्या पडल्या. शेवटी काकांनी हुकूम काढला, "दहाही बोटांना नखं दिसली की सायकल. तोवर शाळेत माझ्याबरोबर, चालत."

सायकल आणलेलीच होती. जिन्याखाली, कुलूप घालून. सकाळी मैत्रिणींची टोळी घंट्या वाजवत दारावरून जायची. चिऊ खिडकीच्या उजेडात बोटं धरून नखं आली का बघायची, आणि आली नाहीत या काळजीने पुन्हा बोटं तोंडात घालायची.

"अहो, पोरीच्या मनात काहीतरी आहे. कुणाला तरी दाखवू या," काकू माळ्यावरचा डबा काढायला स्टूल ओढताना म्हणाल्या.

"मनात काय असणार? आपल्या घरात कुणाला आहे का टेन्शन?" काका म्हणाले. तेवढ्यात काकूंनी स्टुलावर पाय ठेवला. धप्प.

तरी काकूंनी दोघांना समुपदेशक बाईंकडे नेलंच. खोलीत बुटक्या खुर्च्या, खेळण्यांची टोपली, कोपऱ्यात एक कुंडी. काका पाठ केल्यासारखे सुरू झाले, "बाई, घरचं वातावरण एकदम शांत..."

बाईंनी चिऊला टेबलावरचा भरलेला ग्लास दाखवला. "तेवढं पाणी कुंडीला घालतेस?"

चिऊने ग्लास उचलला. धप्प. मोकळा हात तोंडात. ती गालिच्याच्या काठाशी आली. धप्प. पुन्हा हात तोंडात.

"हे नेहमी होतं?" बाईंनी विचारलं.

"हो ना! किती समजावलं, हात काही तोंडातून निघत नाही."

"मी पायाचं विचारतेय."

"पाय? कुठला पाय?" काकांनी खाली वाकून पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बाबांचा पाय वाजला ना," चिऊ म्हणाली, "की काहीतरी पडणार असतं."

"काय पडतं?"

"अजून काही नाही पडलं. पण पडणार असतं."

काकूंचं हसू थांबलं. काका आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायाकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत बसले.

"सगळ्याच मुलांचं असं नसतं," बाई म्हणाल्या. "कित्येकांची नुसती सवय असते. हिची मात्र धास्ती बोटांवर निघतेय. आणि तुम्ही शिक्षा करताय ती बोटांना. सायकल आधी द्या."

"आणि नखं?"

"ती सावकाश येतील. वाट बघायचं काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. काका फाटकापाशी उभे राहिले. उजवा पाय वर उचलून, डाव्या पायावर, फाटकाचा गज धरून, थेट बगळ्यासारखे. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. चिऊ निघाली. वळणावर सायकल डगमगली आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने कान टवकारले.

काही वाजलं नाही. वाजली ती चिऊची घंटी, कोपऱ्यापलीकडून. वळताना तिचे दोन्ही हात हँडलवर होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

"गेली का नीट?" काकूंनी दारातून विचारलं.

काका कोपऱ्याकडेच बघत होते. काकू जवळ आल्या. पाय अजून अधांतरीच होता आणि उजव्या हाताचा अंगठा दातांत.

"अहो," काकू म्हणाल्या, "हात!"