स्क्रीनवर ‘स्टॉप’ होतं

जुन्या ऑफिसातले आम्ही चौघं अजूनही अधूनमधून जालन्यात भेटतो. तब्येती, पोरांची शिक्षणं वगैरे पहिल्या चहात संपतं. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, “ते फायरचं आठवतं का?” आणि मग एकातून एक निघत जातं. हसलो होतो ते सगळं आम्ही विसरलो. घाबरलो होतो तेवढंच राहिलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. एमआयडीसीत काळेसरांचं छोटं युनिट होतं. लोखंडाच्या मिलसाठी आणि बियाण्यांच्या प्लांटसाठी आम्ही कंट्रोल पॅनल बनवायचो. प्रोग्राम लिहायचा जाफराबादचा प्रकाश खरात. वायरिंग मुजीबभाईंचं. टेस्टिंग माझं, मी परतूरहून रेल्वेनं यायचे.

मशीन कुठल्या अवस्थेत आहे हे प्रोग्राम नंबरानं लक्षात ठेवतो. शून्य म्हणजे स्टॉप, एक रेडी, दोन रन, तीन जॅम, चार फायर. नंबरांना अशी नावं देण्याला एनम म्हणतात. चालू प्रोग्रामच्या आत डोकावायला डीबगर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते नंबर वाचतं आणि आपल्याला नाव दाखवतं. त्या नावावर आमचा पूर्ण भरवसा होता.

*

पहिला धक्का टेबलावरच बसला. मोटरीच्या जागी आम्ही बल्ब जोडला होता. मोटर चालू तर बल्ब पेटणार. स्क्रीनवर आलं ‘स्टॉप’, आणि बल्ब लख्ख पेटलेला.

प्रकाशनं बल्ब बदलला. नवा बल्बही पेटला.

“शोभाताई, मला काही बराबर वाटून न्हाई राह्यलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

काळेसर शांतपणे म्हणाले, “डीबगर भारीतला आहे. बल्ब आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला आहे. वायरिंग तपासा.”

मुजीबभाईंनी सगळं वायरिंग उकलून पुन्हा केलं. बल्ब पेटतच राहिला.

*

मग बियाण्यांचा प्लांट. मका वाळवायचा मोठा ड्रायर होता. आम्ही शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून बसलो होतो. अचानक स्क्रीनवर नाव बदललं: ‘फायर’.

बियाणं निवडायला आत कितीतरी बाया बसल्या होत्या. मी धावत जाऊन ओरडले, “बाहेर व्हा, सगळ्या बाहेर!” बाया पदर सावरत, एकमेकींना ओढत पटांगणात आल्या. प्रकाश वाळूची बादली घेऊन ड्रायरकडे पळाला आणि दारातच उभा राहिला. आग कुठंच नव्हती. धूर नाही, वास नाही.

निवडणाऱ्या कौसाबाई माझ्या जवळ आल्या.

“पोरी, आग कुठंय?”

“न्हाई मावशी. कॉम्प्युटरवर होती.”

“मंग त्याला बाहेर काढायचं ना. आमाला कामून काढलं?”

खरं कारण आम्हाला फार नंतर कळलं. प्रोग्राम तयार करणारं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, डीबगर दुसरीचा. कुठली गोष्ट मेमरीत कुठं आहे आणि केवढी आहे, याची माहिती पहिलं एका पद्धतीनं लिहायचं, दुसरा वेगळ्या पद्धतीनं वाचायचा. एनमला जागा किती, यावर दोघांचं एकमत नव्हतं. त्यामुळे डीबगर मेमरीतल्या भलत्याच घरात डोकावायचा. त्या वेळी ड्रायरमध्ये मक्याची चौथी ट्रॉली गेली होती, आणि ट्रॉल्यांचा आकडा मेमरीत शेजारच्याच घरात होता. तो शेजारचा चार उचलून डीबगरनं त्याला आमचं ‘फायर’ हे नाव दिलं होतं. प्रोग्राम बरोबर, मशीन बरोबर. खोटं फक्त स्क्रीनवरचं नाव. पण त्या दिवसांत आम्ही वायरिंगलाच दोष देत होतो.

*

भीती घरीही गेली. प्रकाशची बायको एकदा मला म्हणाली, “ताई, ह्यांना काय झालं हो? गॅस बंद केला म्हणलं तरी उठून बघतेत. दाराला कडी लावली म्हणलं तरी उठून बघतेत.”

माझंही तेच चाललं होतं.

*

मिलमधला प्रसंग मी अजून कुणाला हसत सांगू शकत नाही. आम्ही काळेसरांसोबत नवं पॅनल दाखवायला गेलो होतो. लालभडक सळई एका रोलरमधून दुसऱ्यात सुरळीत सरकत होती. मिलचे मॅनेजर आमच्या स्क्रीनकडे बघत होते. तिथं आलं ‘जॅम’.

त्यांनी घाबरून इमर्जन्सी बटण दाबलं. पुढचे रोलर थांबले, मागचे थांबायला वेळ लागला. मधली सळई वाकली, उसळली आणि छपराकडे झेपावली. माणसं वाट दिसेल तिकडं पळाली. सळई खाली आली ती मोकळ्या जागेत, कुणालाही न लागता. ती काळी पडली तरी कुणी तिच्याजवळ जाईना.

मिलचा फोरमन प्रकाशकडे बघत एवढंच म्हणाला, “जॅम दाखवलं म्हणून थांबवलं. थांबवलं म्हणून जॅम झालं.”

*

त्यानंतर त्याच मिलला आम्ही सुट्टीच्या दिवशी गेलो. एका पट्ट्याचा सेन्सर नीट काम करत नव्हता. मशीन रेडी असेल तर मोटर नुसती फिरत राहते; सेन्सरसमोर माल, हात, काहीही आलं, की पट्टा आपोआप सुरू होतो. मुजीबभाई फडकं घेऊन पट्ट्याखाली शिरले. सेन्सरची काच तिथून पुसता येत होती. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

“प्रकाश, काय दाखवतंय?” काळेसरांनी विचारलं.

“स्टॉप, सर.”

“मुजीबभाई, पुसा.”

“थांबा,” मी म्हणाले. “मोटरीचा मेन स्विच पाडते मी आधी.”

काळेसर वैतागले. “अगं, पट्टा डोळ्यांसमोर उभा आहे. स्क्रीनही स्टॉप म्हणतेय. आता अजून काय पाहिजे?”

काय पाहिजे ते मलाही सांगता येत नव्हतं. पट्ट्याखालून मुजीबभाई म्हणाले, “शोभाताई, जल्दी करो. मान दुखून राह्यली.”

मी भिंतीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

आणि शेडमध्ये एकदम शांतता झाली. मोटरीची घरघर होती, आल्यापासून होती, ती बंद झाल्यावरच आम्हाला ऐकू आली.

प्रकाशनं माझ्याकडे बघितलं. काळेसर पट्ट्याकडे बघत राहिले.

पट्ट्याखालून मुजीबभाईंचा आवाज आला, “अरे, काय बंद केलं? बंदच होतं ना?”