अनेकवचनांचे साहेब

टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका. आमच्या विभागात कागदाच्या समासात तो दिसला की समजायचं, या ओळीत काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते ठिपका सांगायचा नाही आणि ठिपका देणारेही सांगायचे नाहीत. विचारायला गेलात तर चष्म्याच्या वरून एकदा बघायचे आणि म्हणायचे, "शोधा, सापडेल."

भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात आम्ही यंत्रांच्या इंग्रजी माहितीपुस्तिका तयार करायचो. इंजिनियर लिहायचे, आम्ही पानं जुळवायचो, आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक पान ठिपकेवाल्या साहेबांच्या, आमच्या तपासनिसांच्या, टेबलावरून जायचं. तपासनीस म्हटला की तो आकडे बघतो, स्पेलिंग बघतो. हे तेही बघायचेच. पण त्यांचा खरा जीव अडकलेला असायचा अनेकवचनांत, आणि त्यातही ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांच्या अनेकवचनांत. एक रेडियस, अनेक रेडिआय. एक क्रायटेरियन, अनेक क्रायटेरिया. एक अपेंडिक्स, अनेक अपेंडिसीज. कोणी 'रेडियसेस' लिहिलं की आला ठिपका. मी एकदा हट्टाने जाडजूड शब्दकोश उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन्ही रूपं चालतात हे दाखवलं.

"चालतं ना?" ते म्हणाले. "मग चालू दे शब्दकोशात."

सगळे त्यांना पाठीमागे 'अनेकवचनांचे साहेब' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. कँटीनमध्ये पोहे-जिलेबी वाढणारा एक जण रोज न चुकता विचारायचा, "साहब, एक समोसा लेंगे या दो समोसाय?" त्यावर हे अगदी गंभीरपणे म्हणायचे, "समोसा ग्रीक नहीं है." आणि मग चहाचा घोट घेऊन, "आज चाय अच्छा बना है." सांगलीहून विशी ओलांडल्या ओलांडल्या भोपाळला आले, इथे उभा जन्म गेला, पण यांचा चहा हिंदीतही पुल्लिंगीच राहिला. कचेरीत इंग्रजी, उंबऱ्याच्या आत मराठी, हिंदी फक्त भाजीवाल्यापुरती.

एक नवा इंजिनियर त्यांच्या ठिपक्यांना इतका घाबरला की पुढच्या पुस्तिकेत त्याने खबरदारी म्हणून 'अ‍ॅपरेटस'चं 'अ‍ॅपरेटाय' केलं. तिथेही ठिपका. बिचारा तीन दिवस ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसला. शेवटी साहेबांनाच दया आली. त्याला एका बाजूला घेऊन गेले, चहा पाजला आणि समजावून सांगितलं, की हा शब्द त्या घरातला नाही, याची रीत वेगळी आहे.

घर, रीत, हे त्यांचे आवडते शब्द. त्यांचा एक सिद्धांतच होता. "हे शब्द म्हणजे इंग्रजीच्या घरात आलेल्या सुना," ते म्हणायचे. "कोणी ग्रीकांची लेक, कोणी लॅटिनवाल्यांची. येताना माहेरची रीत बरोबर घेऊन आल्या. इंग्रजांनी त्या रीतीचा मान ठेवला. आपणही ठेवावा, एवढंच माझं म्हणणं."

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस खडूस असणार. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा आनंद नगरला घरी परतताना, आम्ही दोघं तिथेच राहायचो, दोन गल्ल्या सोडून, त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका अहवालात 'डेटाज' लिहिलं होतं; 'डेटा' हेच मुळात अनेकवचन. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत तो शब्द मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळं टेबल हसलं. हे मराठी शाळेतून आलेले, पोरगेलेसे. पुढे कित्येक दिवस त्यांना जेवण गेलं नाही. रद्दीवाल्याकडून एक जुना शब्दकोश घेतला, आणि एकेक शब्द वहीत उतरवायला सुरुवात केली.

"पण एक ठरवलं," ते म्हणाले. "कोणाची चूक चारचौघांत काढायची नाही. म्हणून ठिपका. ज्याचा त्याला दिसतो. बाकीच्यांना काय, पेन्सिल लागली असेल."

त्या दिवसापासून मला तो ठिपका आवडायला लागला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण माझी चूक त्यांनी माझ्याशिवाय कोणाला कळू दिली नाही.

ते निवृत्त झाले त्याच्या सहाएक महिने आधी मुलाचं लग्न झालं. मुलगी भोपाळातल्याच करोंदची, तिच्या वडिलांचं मंडीत धान्याचं दुकान. घरी सगळं हिंदी. शाळेत शिकवायची, हसरी आणि मोकळी. सासूच्या मागे मागे फिरून तिने चार महिन्यांत मराठी बोलायला सुरुवात केली. "आई, मी भाजी काटली," असं काहीतरी म्हणायची आणि स्वतःच हसायची.

निवृत्तीच्या दिवशी घरी जेवण होतं. मीही होतो. सगळे उठल्यावर तिने सासऱ्यांच्या हातात घडी केलेला एक कागद दिला. पानभर मराठी, स्वतः लिहिलेलं. ते खूश झालेले मी पाहिले. कागद खिशात ठेवून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं मला आठवड्याने कळलं. संध्याकाळी फिरताना त्यांचा पाय रोजच्यासारखा उचलत नव्हता. बागेच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मी तिला कागद परत दिला. तपासून."

"तपासून म्हणजे?"

"अकरा ठिपके होते. मला वाटलं, शिकतेय तर नीट शिकू दे. कोणासमोर नाही दिला, स्वयंपाकघरात एकटी होती तेव्हा दिला."

तिने कागद घेतला, बघितला, "जी, पापाजी" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. त्या दिवसापर्यंत ती त्यांना बाबा म्हणायची. त्यानंतर घरात तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नव्हता. उद्धटपणा नाही, रुसवा नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर, सगळं हिंदीत, सगळं 'जी' लावून.

"कागदात लिहिलं काय होतं तिने?" मी विचारलं.

ते तोंड उघडून काही बोलणार होते, पण थांबले. अकराच्या अकरा चुका त्यांना पाठ होत्या. कागदात काय लिहिलं होतं, ते आठवत नव्हतं.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो टिकलाही नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पोहे करत होत्या. सून माहेरी गेली होती. विषय निघालाच. वहिनी आयुष्यभर नवऱ्याचं ते सुनांचं पुराण ऐकत आलेल्या. कढईतला झारा थांबवून त्या म्हणाल्या, "अहो, इंग्रजांनी एवढ्या सुनांची माहेरची रीत सांभाळली म्हणता. तुम्हाला एक सांभाळता आली नाही?"

साहेबांची पोह्यांची बशी तशीच राहिली.

त्यानंतर ते सुनेशी हिंदी बोलायला लागले. सांगलीची हिंदी. "बेटी, मेरा चप्पल किधर गया?" मुलगा हसायचा, वहिनी पदर तोंडाला लावायच्या. सून हसायची नाही आणि चूकही काढायची नाही. "ये रही, पापाजी," म्हणून चप्पल पुढे करायची. त्यांचं म्हणणं एकच होतं, की तिने निदान एकदा तरी आपल्याला हसावं.

मग त्यांनी तिला पत्र लिहायला घेतलं, हिंदीत. महिनाभर लागला. मला वाचायला दिलं तेव्हा पहिल्याच ओळीवर मी अडलो: "बेटी, तुम्हारा चिट्ठी मैंने पढ़ा नहीं, सिर्फ जाँचा." खाली लिहिलं होतं, की तो कागद अजून असेल तर मला पुन्हा दे, मला वाचायचा आहे. आणि एवढं बोलायला मला तोंड नाही, म्हणून लिहितो.

"यात चुका आहेत साहेब," मी म्हणालो. "माझी मुलगी शाळेत हिंदी शिकते, तिला दाखवून घेऊ का?"

"नको," ते म्हणाले. "जाऊ दे तसंच."

पत्र दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, घडी केली, कपाटात ठेवलं. त्यानंतर आमच्या फिरण्यात रोज एक प्रश्न ठरलेला. मी विचारायचो, "आलं का उत्तर?" आणि ते म्हणायचे, "नाही. येईल." पावसाळा संपला, दिवाळी झाली. मी विचारणं सोडलं, तर एके दिवशी त्यांनीच मला सांगितलं, "नाही आलं अजून."

त्या हिवाळ्यात ते गेले. सकाळचा चहा झाला होता, पेपर मांडीवर होता.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी गेलो. वहिनी देवळात गेल्या होत्या. दार सुनेने उघडलं.

"या काका, बसा. आई येतेच आता."

कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून मराठी ऐकत होतो. ती आत गेली आणि कागदांची एक चळत घेऊन आली. सात-आठ कागद, सगळ्यांवर एकच मजकूर, थोडा थोडा बदललेला. कुठे खोडलेलं, कुठे वर दुसरा शब्द लिहिलेला.

"बाबांना उत्तर लिहिली होती," ती म्हणाली. "प्रत्येक वेळेस काही ना काही गलत वाटायचं. मग परत लिहायची. म्हटलं, एकदम बरोबर झालं की मग देऊ." तिने सगळ्यात वरचा कागद माझ्यापुढे धरला. "हा शेवटचा आहे. तुम्ही बाबांच्या सोबत इतकी वर्षं काम केलं. बघून सांगा ना काका, अजून किती चुका राहिल्या?"

मी कागद घेतला. "बाबा, तुमचा पत्र मी खूप वेळा वाचला. तुमची हिंदी ऐकून मला रोज हसू यायचा, मी किचनमध्ये जाऊन हसायची." माझी नजर सवयीने जागोजागी अडखळत होती. मी नजर पुढे ढकलली आणि पान शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

ती उभीच होती.

"एकही नाही," मी म्हणालो.