उजव्या हातावरचा शिक्का

धान्याच्या गोदामात त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. बावीस वर्षं तो वजनकाट्यावर होता. स्वभावही तसाच, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी मात्र शब्द चालायचा तो दादाचा. आई-वडील लवकर गेले आणि दादानं सुतारकाम करून त्याला वाढवलं. दादा रंधा मारता मारता मोठ्यानं प्रार्थना म्हणायचा. त्यामुळे त्याच्या दुकानात भांडायला आलेलं गिऱ्हाईकही आवाज खाली आणायचं.

सलग तीन वर्षं जगभर पिकं बुडाली. जन्माचं वैर असलेल्या दोन महासत्ता शेवटी एका टेबलाशी बसल्या आणि करार झाला: सगळ्या देशांचं धान्य एकत्र, माणशी सारखा वाटा. दोन झेंडे शेजारी-शेजारी छापलेली पोती गोदामात उतरली तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. कुणी दोनदा वाटा नेऊ नये म्हणून उजव्या हातावर शाईचा शिक्का मारायचं ठरलं.

दादानं हे ऐकलं आणि रंधा खाली ठेवला.

“सगळी राज्यं एक होतील आणि हातावर खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही. पवित्र शास्त्रात लिहिलंय.”

“अरे दादा, साधी शाई आहे. महिन्यात उडते.”

“सैतान पहिली खूण पुसता येईल अशीच करतो.”

“आपल्या चर्चच्या उपदेशकांनीसुद्धा घेतला शिक्का.”

“त्यांचं ते बघतील. मी नाही घेणार, आणि माझ्या घरात ते धान्य येणार नाही.”

बोलणं तिथेच खुंटलं. दादाच्या घरी परसातला पाला उकडून खाणं सुरू झालं. काटेकोर आपल्या वाट्यातलं पीठ घेऊन गेला, तर दादानं पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली; अगदी हळुवार, रागाचा लवलेश नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या महिन्यात वहिनी गोदामात आली.

“भाऊजी, ह्यांचे पाय सुजलेत. काही बोलू नका, फक्त वजन करा.”

तिनं शिक्का घेतला, वर पट्टी बांधली. हात भाजला, असं घरी सांगायचं. आणि पीठ माहेरच्या शेतातलं, असंही. मागे लांबलचक रांग होती. काटेकोरनं नेमकं वजन केलं, एक दाणाही जास्त टाकला नाही. ते त्याला पुढे फार लागलं.

दादा जेवू लागला, पण छातीचं जुनं दुखणं उलटलं होतं. चौथ्या महिन्यात त्यानं अंथरूण धरलं. एका दुपारी वहिनी पाणी आणायला गेलेली पाहून त्यानं भावाला जवळ बोलावलं.

“खरं सांग. मी खातोय ते पीठ कुठलं?”

काटेकोरनं त्याचं पांघरूण सारखं केलं. “वहिनीच्या माहेरचं, दादा.”

“तू सांगितलंस, आता काळजी नाही,” दादा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यानं स्वतः बनवून ठेवलेल्या पेटीतच त्याला पुरलं.

माणसं पांगल्यावर दोघं दुकानात भुशावरच बसली. वहिनी पट्टी सोडत म्हणाली, “आठवडा झाला, मला ताप होता, तेव्हा ही त्यांनीच बदलली. शिक्का पाहिला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी नेहमीसारखे जेवले.”

“मग मला विचारलं कशाला?”

“मला काय माहीत, भाऊजी?”

दादानं भावाला खरं बोलायची एक संधी दिली होती, की खोटं ऐकूनच त्याला शांतपणे जायचं होतं? काटेकोरनं उपदेशकांना विचारलं. ते म्हणाले, “त्याचं तुझ्यावर प्रेम होतं.” त्याला ते ठाऊकच होतं.

पुढच्या वर्षी पिकं आली, करार संपला, शिक्के बंद झाले. वहिनी मुलीकडे राहायला गेली. काटेकोर अजून काट्यावर आहे. वजन करताना हल्ली त्याचा आकडा मध्येच चुकतो. मग तो पोतं उतरवतो आणि पुन्हा चढवतो.